अंगात आल्यावर कोण सावरतं?

माझी मावशी आयुष्यभर ख्याल गात आणि शिकवत आली. मी कार्यक्रमांचं साउंड करतो. मिक्सरमागे उभं राहणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. इंडोनेशियातल्या स्वतंत्र कलाकारांच्या प्रायोगिक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताने मला झपाटलं आहे, आणि मावशीला त्यातलं बरंचसं पटत नाही. तिचा कान माझ्यापेक्षा पक्का आहे, म्हणून तिचा आक्षेप मी बाजूला सारू शकत नाही. आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे.

मावशी: तू दिलेलं ते जोग्याकार्ताच्या जोडीचं रेकॉर्डिंग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. त्या मुलाचा गळा काय आहे रे! खर्जात उतरतो तेव्हा पायाखालची फरशी थरथरेल असं वाटतं, आणि वर किंचाळतो तेव्हाही आवाज चिरकत नाही. असा गळा लाखात एखाद्याला मिळतो. मग तो खरवडून, गुरगुरून वाया का घालवायचा?

मी: वाया नाही घालवत, मावशी. त्याचं नाव रुली शबारा. मूळचा सुलावेसी बेटावरच्या पालूचा. गाण्याची रीतसर तालीम त्याने घेतलेली नाही. कुजबुज, घरघर, आरोळी, पोथी वाचावी तसं एका सुरातलं पठण, हे सगळं तो एका दमात जोडतो. नुसतं ऐकलं तर वाटतं, आवाजावर यंत्राची काहीतरी करामत केली असणार. समोर बघितलं की कळतं, हातात साधा माइक आहे आणि बाकी काम छाती, घसा आणि जीभ करतायत. माइक ओठांना किती चिकटवायचा आणि कधी हातभर लांब न्यायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. भल्याभल्या गायकांना हे सांगून सांगून मला थकायला होतं.

मावशी: माइक सांभाळणं म्हणजे गाणं नव्हे.

मी: नव्हेच. पण एकट्या गळ्यावर नको जाऊस. त्याच्या शेजारी वुकिर सुर्यादी असतो, पूर्व जावातल्या मलंगचा, नाटकाच्या वाटेने संगीतात आलेला. २०१० मध्ये हे दोघे जोग्याकार्तात एकत्र आले आणि सेन्यावा सुरू झालं. वुकिर जे वाजवतो ते वाद्य त्याने स्वतः बनवलं आहे. नाव बांबूवुकिर. जाडजूड, उंच बांबू, भाल्यासारखा. त्याच्या तारा बघ कशा केल्यात. बांबूची साल उभी चिरायची, तिची दोन्ही टोकं बांबूलाच धरून राहू द्यायची आणि मधल्या पट्टीखाली घोडी सरकवायची. झाली तार. अशा सालीच्या तारांची वाद्यं त्या बेटांवर पिढ्यानपिढ्या आहेत. वुकिरने त्यात धातूच्या तारा बसवल्या, पिकअप लावला आणि आवाज पेडलांमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवला. त्याच बांबूवर तो गज फिरवतो, तारा छेडतो, हाताने थापा मारतो. त्यामुळे ढोल, तंतुवाद्य आणि विजेची गिटार एकाच कांडातून ऐकू येतात. पुढे त्याने शेतीच्या अवजारांचीही वाद्यं केली.

मावशी: वाद्य देखणं आहे, कल्पकही आहे, यात वाद नाही. माझी शंका वेगळी आहे. ते एका माणसाने स्वतःपुरतं केलेलं वाद्य. उद्या त्याने वाजवणं सोडलं तर ते भिंतीला टेकून उभं राहील. वाद्याला शिष्य लागतात, घराणं लागतं, चार पिढ्यांनी त्याचे गुणदोष काढावे लागतात. सतार एका माणसाबरोबर संपली असती तर आज आपण कशावर बोललो असतो?

मी: तू हे गमेलानच्या देशाबद्दल विचारते आहेस, म्हणून मला उलट विचारावंसं वाटतं. गमेलान म्हणजे तिथला पारंपरिक वाद्यवृंद. त्याचा एक संच घे. त्यातल्या पट्ट्या, घंटा, गाँग हे सगळं एकमेकांशी मिळवलेलं असतं. शेजारच्या गावच्या संचाशी नव्हे. या गावातली एखादी पट्टी उचलून त्या गावच्या संचात ठेवली तर ती परकी वाटते. पेलोग आणि स्लेन्द्रो या दोन स्वरव्यवस्था सगळीकडे आहेत, पहिलीत सात स्वर, दुसरीत पाच, पण नेमक्या अंतरांचं प्रमाण माप असं नाही. प्रत्येक संच म्हणजे आपल्यापुरतं एक जग. तरीही ती परंपरा शतकानुशतकं टिकली, कारण शिष्य वाद्यापेक्षा वाजवण्याची रीत घेऊन पुढे जातो.

मावशी: गमेलानशी तुलना केलीस म्हणून विचारते. तिथे कुणी काही मोजत नाही असं तुला म्हणायचंय का?

मी: उलट, फार बारकाईने मोजतात. बालीत वाद्यं जोडीने बनवतात. जोडीतल्या एकाचा स्वर दुसऱ्यापेक्षा किंचित खाली ठेवतात, मुद्दाम. दोन्ही एकदम वाजली की आवाज एका जागी थांबत नाही, सेकंदाला पाच-सात हेलकावे खात राहतो. याला ओम्बाक म्हणतात. ब्राँझची पट्टी मधे खालून तासली की स्वर उतरतो, टोकाशी तासली की चढतो. तासणारा कारागीर तासतो, वाजवून ऐकतो, पुन्हा तासतो. हेलकावा त्याला हवा तेवढा झाला की थांबतो. दोन वाद्यं अगदी तंतोतंत मिळवली तर बालीतल्या माणसाला तो आवाज मेलेला वाटतो.

मावशी: हे मला सांगायला नको. तंबोऱ्याची जवारी लावताना आम्ही दुसरं काय करतो? घोडीवर तारेखाली दोरा सरकवत बसायचं, तो झणत्कार उमलेपर्यंत. कोरी तार बेचव लागते. पण नीट बघ, तुझ्या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम होते. जवारी असो की तो ओम्बाक, दोन्हीकडे खरखर नेमकी किती हवी हे ऐकणारा कान आधी तयार झालेला आहे. तुझ्या त्या तरुण मंडळींचा असा कान कुणी तयार केला?

मी: काहींचा तर थेट गमेलानच्या ओसरीवरच तयार झाला. देवा अलित हे बालीचे संगीतकार. २००७ साली त्यांनी गमेलान सालुकात नावाचा आपला संच आणि वृंद उभा केला. पेलोग आणि स्लेन्द्रो दोन्ही एकत्र आणून त्यांनी सप्तकात अकरा स्वर ठेवले, आणि त्यासाठी नवी वाद्यं घडवून घेतली. त्यांच्या वृंदात वीज कुठेच नाही. तरी वादक ज्या वेगाने एकमेकांच्या फटीत स्वर बसवतात, मधेच लय मोडून दुसऱ्या लयीत शिरतात, ते डोळे मिटून ऐकलं तर कुणीतरी संगणकावर ध्वनीचे तुकडे कापून जोडतो आहे असं वाटतं.

मावशी: हा माझा माणूस. याच्यासाठी मी तिकीट काढून जाईन.

मी: पण मग तू विजेवर एवढी का रागावतेस? संगणकावरची संगीत बनवायची सॉफ्टवेअरं उघडलीस की समोर पाश्चात्त्य पियानोचे बारा समान स्वर मांडून ठेवलेले असतात. पेलोग त्यात बसत नाही. तिथल्या इलेक्ट्रॉनिक कलाकाराला प्रत्येक स्वर ओढून, वाकवून आपल्या कानाजवळ आणावा लागतो. कारागीर पट्टी तासतो, तशी ही तासणी पडद्यावर चालते.

मावशी: एवढं कबूल करते की कष्ट आहेत. आता त्या दुसऱ्या जोडीबद्दल बोल, बालीची, भन्नाट वेगाची. माझ्या छातीत धडधड झाली.

मी: गॅबर मोडस ओपरांडी. कासिमिन आणि इचान हारेम, देनपसारचे. कासिमिन यंत्रांवर, इचान माइकवर. २०१९ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम शांघायच्या एका कंपनीने काढला, आणि २०२२ मध्ये आइसलंडची गायिका ब्यर्क हिने 'फॉसोरा' अल्बममधल्या गाण्यांसाठी कासिमिनचे ठोके घेतले. आता यातली गंमत ऐक. गॅबर हा नाच-संगीताचा प्रकार नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रॉटरडॅममध्ये वाढला, म्हणजे ज्या डचांनी या बेटांवर राज्य केलं त्यांच्या बंदरात. या दोघांनी तो उचलला आणि त्यात डांगडुट कोप्लो मिसळलं.

मावशी: हे डांगडुट कुठलं?

मी: तुझ्या ओळखीचं आहे. सिनेमावाल्या मुंबईतली हिंदी गाणी पन्नासच्या दशकात जकार्तापर्यंत पोचली होती. तिथल्या मलय वाद्यवृंदांनी त्या चाली, तो ठेका आपलासा केला. तबल्याचं काम गेंडांग नावाच्या त्यांच्या तालवाद्याकडे आलं. सत्तरच्या दशकात रोमा इरामा यांनी त्याला रॉकची गिटार जोडली आणि ते देशभर गाजलं. पुढे पूर्व जावात ठेका दुप्पट-तिप्पट पळायला लागला, ते कोप्लो. मुंबईच्या स्टुडिओत कुण्या तबलजीने वाजवलेल्या ठेक्याचा पणतू आज बालीतल्या गॅबरमध्ये धावतो आहे.

मावशी: म्हणजे जो आवाज माझ्या छातीत धडधडला त्यात दादरच्या रेडिओवर ऐकलेलं काहीतरी होतं म्हणायचं. हे मला ठाऊक नव्हतं, आणि आवडलंही. तरी एक गोष्ट मला सलते. शांघायची कंपनी, आइसलंडची गायिका, युरोपातले महोत्सव. या मंडळींचं मोठेपण दर वेळी बाहेरच्या कुणीतरी ठरवलेलं आहे. पॅरिसच्या १८८९च्या प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार डेब्युसीने जावाचं गमेलान ऐकलं आणि युरोप थक्क झाला, ही गोष्ट आम्हाला संगीताच्या इतिहासात शिकवतात. तिथे वाजवणाऱ्यांची नावं शिकवत नाहीत. आता तेच पुन्हा चाललं नाही ना? तिकडच्या प्रेक्षकाला पूर्वेची गूढ, रानटी चव हवी, आणि इकडून ती पुरवायची?

मी: हा धोका खरा आहे, आणि तो त्यांनाही दिसतो. २०१८ मध्ये जोग्याकार्तात नुसासोनिक नावाचा मोठा महोत्सव झाला, त्यामागे जर्मनीच्या ग्योटे इन्स्टिट्यूटचं आर्थिक बळ होतं आणि बर्लिनच्या सीटीएम महोत्सवाची भागीदारी होती. पण यजमानांत जोग्याकार्ताचं येस नो क्लब होतं, मनिला आणि सिंगापूरचे आयोजकही होते. जोग्याकार्ताचा कलाकार मनिलाच्या कलाकाराबरोबर मंचावर बसला, त्याला पॅरिसमार्गे जावं लागलं नाही. पैसा युरोपचा होता म्हणून ही भेट खोटी ठरत नाही.

मावशी: पैसा देणारा निवडतो, एवढंच म्हणते मी.

मी: तर मग निवडण्याचा हक्कच त्यांनी वाटून टाकला तेव्हा काय झालं ते ऐक. कोरोनाच्या काळात, सगळे दौरे बंद पडलेले असताना, सेन्यावाने 'अल्किसाह' हा अल्बम तयार केला. एखाद्या मोठ्या कंपनीला सगळे हक्क द्यायचे, ती जगभर विकणार आणि यांना वाटा मिळणार, ही नेहमीची वाट. त्यांनी तसं केलं नाही. २१ फेब्रुवारी २०२१ रोजी तो अल्बम जगभरातल्या ४४ छोट्या-छोट्या प्रकाशकांनी एकाच वेळी काढला. प्रत्येकाने आपल्या गावापुरत्या प्रती काढायच्या. मुखपृष्ठ आपलं करायचं. हवं तर स्थानिक कलाकारांकडून त्याच गाण्यांची नवी रूपं करवून घ्यायची आणि तीही सोबत द्यायची. एकाच अल्बमची ४४ वेगवेगळी अंगं. जोग्याकार्तातून माल निघाला आणि लंडनच्या गोदामात गेला, असं झालंच नाही.

मावशी: हे मला मनापासून पटलं. एक बंदिश, आणि ती गाणाऱ्या ४४ बैठका. पण हे रेकॉर्डचं झालं.

मी: त्याची मुळं आधीची आहेत. वोक द रॉक नावाने ओळखला जाणारा कलाकार जोग्याकार्तात २००७ पासून येस नो वेव्ह चालवतो. तिथून निघालेलं संगीत इंटरनेटवरून कुणीही फुकट उतरवून घ्यावं. सेन्यावाचं पहिलं ध्वनिमुद्रण तिथूनच आलं. आणि हे सगळं विजेबरोबर बाहेरून आलं असंही म्हणता येत नाही. सुराबायाचे स्लामेत अब्दुल शुकूर साठच्या दशकात पॅरिसला गेले, संगीतकार मेसियाँकडे शिकले, परतून त्यांनी पिढ्या घडवल्या. १९७९ मध्ये जकार्तात तरुण संगीतकारांचा पहिला सप्ताह झाला, त्यात ओटो सिधार्ता यांनी पाण्याच्या आवाजांवर केलेली इलेक्ट्रॉनिक रचना ऐकवली. म्हणजे वाडवडील आहेत. आताच्या मुलांनी संस्थेची पायरी न चढता रस्त्यावरून सुरुवात केली, एवढाच फरक.

मावशी: रस्त्यावरून म्हणजे?

मी: जोग्या नॉइज बॉम्बिंग. २००९ मध्ये सुरू झालं. चौक, बाग, दुकानाचा ओटा, जिथे विजेचं एखादं प्लगपॉइंट सापडेल तिथे एक छोटा अ‍ॅम्प लावायचा, घरी जोडलेली सर्किटं, पेडलं, मोडकी कॅसेट यंत्रं मांडायची आणि वाजवायला लागायचं. परवानगी, तिकीट, मंच, काही नाही. कुणी थांबतं, कुणी कानावर हात ठेवून पुढे जातं, कुणी हाकलून लावतं. पुढे त्यातून महोत्सव झाला, आणि इंद्रा मेनुस या त्यांच्यातल्याच कलाकाराने एका अमेरिकन सहकाऱ्याबरोबर त्याचं पुस्तकही लिहिलं.

मावशी: आणि आजूबाजूला राहणाऱ्यांनी काय करायचं? गणपतीत डॉल्बीच्या भिंतीसमोरून मी एकदा गेले होते, दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. जो आवाज माझ्यावर लादला जातो त्याला मी संगीत म्हणणार नाही. मग तो मंडळाचा असो की तुझ्या प्रायोगिक कलाकारांचा.

मी: यात मी तुझ्याशी सहमत आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एका पारड्यात नको टाकूस. डॉल्बीचं भावंड इंडोनेशियातही आहे. पूर्व जावात त्याला साउंड होरेग म्हणतात. ट्रकवर स्पीकरचे डोंगर रचून गावोगाव मिरवणुका निघतात, घरांच्या काचा थरथरतात. २०२५ मध्ये पूर्व जावाच्या उलेमा परिषदेने त्याविरुद्ध फतवा काढला. त्या ट्रकसमोर माणूस लहान होतो. नॉइज बॉम्बिंगमध्ये तसं होऊच शकत नाही, कारण आवाजच मुळात एका अ‍ॅम्पचा. चार पावलं मागे सरकलं की रस्त्याचा आवाज पुन्हा वर येतो. वाजवणारा तिथेच मांडी घालून बसलेला असतो, त्याला जाऊन विचारता येतं की बाबा रे, ही डबी काय आहे. बरेच जण विचारतात. तो सर्किट उघडून दाखवतो. तू घराणं म्हणालीस ना मघाशी? विद्या अशीही एकाकडून दुसऱ्याकडे जाते. जोग्याकार्तात लाइफपॅचसारखे गट आहेत, तिथे घरच्या घरी ध्वनियंत्र जोडायला शिकवतात. आज शिकलेला उद्या स्वतःची डबी घेऊन चौकात बसतो.

मावशी: डबी जोडायला शिकवता येतं. कधी थांबायचं हे कोण शिकवतं? मला खरं खटकतं ते हे. त्या बालीच्या जोडीच्या व्हिडिओतला तू मला जो भाग परत परत दाखवलास, त्यात समोरची माणसं भान हरपून नाचतायत. कलाकार त्यांच्यात उतरलाय. तू म्हणालास, हे जथिलानसारखं आहे. मग जथिलान काय ते आधी सांग.

मी: जावातला खेळ. बांबूच्या विणीचे सपाट घोडे मांड्यांमध्ये धरून माणसं नाचतात. वाद्यं थोडी, ठेका तोच तोच, पुन्हा पुन्हा, वाढत जाणारा. नाचता नाचता एकेकाच्या अंगात येतं. मग तो काच चावतो, नारळ दातांनी सोलतो, चाबकाचे फटके अंगावर घेतो. मैदानाच्या कडेला पवांग असतो, तो या सगळ्याचा जाणकार. तो धूप फिरवतो, कानात काही पुटपुटतो, अंगावर हात ठेवतो आणि एकेकाला भानावर आणतो. गावाकडे हल्ली जथिलानलाही मोठे स्पीकर असतात, डांगडुटही वाजतं. म्हणून कासिमिन आणि इचान जेव्हा तो ठेका यंत्रातून काढतात तेव्हा त्यांनी शहरात बसून गावाचं काही चोरलं असं मला वाटत नाही. तो आवाज त्यांच्या घराबाहेर चालूच आहे.

मावशी: चोरलं असं मी म्हणत नाही. अर्धं घेतलं असं म्हणते. अंगात येणं घेतलं आणि पवांग मागे सोडला. आपल्याकडेही गोंधळात, जत्रेत अंगात येतं. तेव्हा बाजूला कुणीतरी असतंच. हळद लावतं, पाणी पाजतं, पदर सावरतं, घरापर्यंत सोडतं. बर्लिनच्या तळघरात एखाद्या मुलीचा तोल गेला तर तिला कोण सावरणार? रात्रीचे तीन वाजलेत, दिवे बंद, कलाकार उद्या दुसऱ्या गावाला. त्या गर्दीत तिचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही.

मी: मिक्सरमागे मी असतो. आवाज किती ठेवायचा हे माझ्या हातात असतं. ८५ डेसिबलला कान आठ तास टिकतो, आणि दर तीन डेसिबलमागे तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. हे मी प्रत्येक कार्यक्रमात पाळायला बघतो, आयोजकांशी भांडतो, दाराशी कानात घालायचे बोळे ठेवायला लावतो.

मावशी: ते तू करतोस याचं मला कौतुक आहे. पण तू कान सांभाळलेस. माणूस कुणी सांभाळला?

मी: मग तुला राजा किरिकचं सांगायला हवं. येन्नू आरियेन्द्रा आणि मोओंग सांतोसो प्रिबादी. त्यांचा २०२०चा अल्बम 'रामपोकान'. जावाच्या दरबारांत पूर्वी वाघाला पिंजऱ्यातून सोडायचे आणि चारी बाजूंनी भालाईत उभे राहायचे. वाघ सुटायला झेपावला की भाल्यांवर पडायचा. डच अधिकारी पाहुणे म्हणून मानाच्या जागी बसायचे. जावाची माणसं तो वाघ म्हणजे डच समजून बघायची असं मानलं जातं. आपल्याच मालकासमोर त्याचं मरण खेळून दाखवायचं, आणि त्याने टाळ्या वाजवायच्या! हे दोघे तो प्रसंग घरी बनवलेल्या धातूच्या वाद्यांवर, यंत्रांवर मांडतात, नर्तक सोबत असतो. जरानान, म्हणजे पूर्व जावाचं जथिलानच, त्यातल्या लयी त्यांच्या संगीताचा कणा आहेत. तिथे प्रेक्षकाला झिंग येते, पण आपण कशाच्या तालावर डोलतोय हे कळलं की ती उतरते. ते ऐकून माणूस स्वस्थ घरी जाऊ नये असं मला वाटतं. दोनशे वर्षांच्या अपमानाला कशाला हवा पवांग?

मावशी: अस्वस्थ कर ना, मी कुठे नाही म्हणते. मारव्यानंतर मीही श्रोत्यांना तसंच सोडून उठले आहे. पण मी समोर बसलेली असते. माझी नजर त्यांच्यावर असते. कुणाला आता पेलवत नाहीये हे मला दिसतं आणि मी लय बदलते. पुढे भैरवी असते. ती केवळ प्रथा नाही, माणसाला घरी पाठवायची सोय आहे. तुझ्या मंडळींकडे भैरवी कुठे आहे, एवढंच दाखव.

मी: एका ठिकाणी आहे. रुली शबाराचंच काम, राउंग जगात नावाचं. तो गावातली साधी माणसं गोळा करतो, गाण्याशी संबंध नसलेलीही. त्यांचा वृंद करतो. स्वरलिपी नाही, शब्द नाहीत. हाताच्या खुणा ठरलेल्या. या खुणेला श्वास, या खुणेला गुणगुण, या खुणेला आरोळी, मूठ मिटली की बंद. मग तो समोर उभा राहतो आणि त्या खुणांवर सगळ्यांचा आवाज जागच्या जागी घडवत जातो. ज्यांनी आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडलेलं नाही ती माणसं गर्जना करतात. आणि तोच त्यांना खाली आणतो. तू विचारलंस की असा गळा वाया का घालवायचा. त्याने तो गळा इतरांचे गळे उघडायला लावला आहे. यात ज्याने चढवलं तोच उतरवतो, सगळ्यांच्या डोळ्यांत बघत.

मावशी: हे तू शेवटी का सांगितलंस? इथून सुरुवात करायची. हे गाणं आहे. सूर कुठला लागतो याची मी इथे चौकशी करणार नाही.

मी: पण मग सेन्यावाचा एखादा प्रयोग, किंवा इचान गर्दीत उतरतो तो क्षण, हेही त्याच कुळातले आहेत असं नाही वाटत? तोही नजरेसमोर असतो. लपलेला नसतो.

मावशी: नाही वाटत. गर्दीत उतरणं आणि गर्दीची जबाबदारी घेणं यांत फरक आहे, आणि तो मी सोडणार नाही. सेन्यावाबद्दल मत राखून ठेवते. त्या दोघांना समोर बसून ऐकल्याशिवाय बोलणं बरोबर नाही. पण राउंग जगातचा वृंद कुठे जमणार असेल तर मला घेऊन चल. मी त्यात उभी राहीन. आणि त्या रुलीला एक विचारीन. एवढ्या माणसांचा आवाज चढलेला असताना तो खाली आणायचा असतो, तेव्हा तू आधी कुणाकडे बघतोस? जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतोय त्याच्याकडे, की ज्याचा दम संपत आलाय त्याच्याकडे?